मापारीचे हात खिशाबाहेर

२ जानेवारी, रविवार
वर्षाच्या सुरुवातीला माणसानं आपला साठा एकदा मोजून घ्यावा. आजवर स्वतःच्या हातानं, कुणाकडे न शिकता केलेल्या गोष्टी:

ड्रॉइंगचं टेबल. चार कोनांत तिरपं होतं. (पाचव्या कोनात पडतं. तो कोन वापरत नाही.)
लाइटबॉक्स. मोडक्या वजनकाट्याच्या पेटीची काच, खाली ट्यूबलाइट.
भिंतीतलं कपाट. दार लागतं, पण उघडताना टेबल सरकवावं लागतं.
एक लेक. यात हिचाही वाटा आहे.
‘मापारी’, चित्रकथा, अंक एक ते अकरा. गोष्ट, पेन्सिल, शाई, अक्षरं, सगळं मीच.

मापारी हा वजनमापांचा गुप्त तपासनीस. खोटी वजनं वापरणाऱ्या दुकानदारांचा कर्दनकाळ. लांब कोट, टोपी, दोन्ही हात खिशात. सहा वर्षं हात खिशात आहेत. वाचकांना (काटे-दुरुस्तीच्या आमच्या वर्कशॉपचे मालक, लेक, झेरॉक्सवाला) ती त्याची स्टाइल वाटते. ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. मला हात काढता येत नाहीत. म्हणजे येतात, पण केळ्याच्या फण्यासारखे येतात.

यंदाचा संकल्प: आता सोपं काढणं बंद. माणूस अवघड चित्रांनीच वाढतो. बारावा अंक. मधली दोन पानं मिळून एकच चित्र. भर बाजार, वरून पाहिलेला, साठ माणसं. बरोब्बर मध्यभागी मापारी, दोन्ही हात खिशाबाहेर, डोक्यावर उचललेला तराजू. मार्चअखेर हौशी चित्रकथाकारांचा मेळावा आहे. टेबल बुक केलं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, साठ माणसं, मग जेवायला पण तेवढीच का? विनोद बरा होता. हसायचं राहून गेलं.

९ जानेवारी
हातांचा अभ्यास सुरू. मॉडेल म्हणून स्वतःचा डावा हात समोर ठेवतो, उजव्यानं काढतो. चोवीस हात काढले. सगळे डावे. मापारीला दोन डावे हात लावून पाहिले. वाईट दिसत नाही, पण तपासनीस वाटत नाही.

मागे एकदा हिला हातात पळी धरून उभं केलं होतं. दूध उतू जाईपर्यंत उभी राहिली बिचारी. पळी उत्तम आली.

१३ जानेवारी
ही लेकीकडे गेली. जावई फिरतीवर असतो, नातू लहान, लेकीला सोबत हवी. इतकंच कारण आहे. बाकी बोलणं झालं ते निघायच्या गडबडीतलं, त्याला फार अर्थ नसतो. तरी अचूकतेसाठी लिहितो.

ही म्हणाली, अहो, वर्कशॉप आठवड्याला तीन दिवसांवर आलं, उरलेले चार दिवस तुम्ही त्या टेबलाशी, आणि खोल्यांचं भाडं माझ्या शिवणातून जातं. मी म्हटलं, बाराव्या अंकानंतर चित्र बदलेल. ही म्हणाली, अकराव्याच्या वेळी पण हेच म्हणाला होतात, दहाव्याच्या वेळी पण. मग बॅगेची चेन लावत म्हणाली, ऐका. तुमच्या हातच्या कामाचे कुणी परक्यानं एकदा, एकदाच, पैसे द्यायची तयारी दाखवली, अगदी चहापुरते, तर मी होते तशी परत येते आणि पुन्हा शब्द काढणार नाही. नाहीतर मार्चअखेर खोल्या सोडा आणि तुम्ही तिकडे या.

मी म्हटलं, ठरलं. तिच्या आवाजात माझ्याबद्दल विश्वास होता. किंवा सर्दी.

शिवणाचं मशीनही टेम्पोत चढवलं. मला शांतता मिळावी म्हणून. मशीन चालू असलं की रेघ थरथरते, हे मीच एकदा बोललो होतो.

१५ जानेवारी
शांतता आहे. रेघ तरी थरथरते.

१९ जानेवारी
बाजाराचं पर्स्पेक्टिव्ह मांडलं. तीन लोपबिंदू, म्हणजे सगळ्या रेघा जिथं जाऊन मिळतात ते. एक टेबलावर, एक भिंतीवर, तिसरा स्वयंपाकघरात सिंकच्या वर पडतो. तिथे खिळा ठोकून दोरा बांधला. दोऱ्याखालून वाकून जावं लागतं. दोनदा विसरलो. चहा दोनदा सांडला.

२० जानेवारी
वर्कशॉप. मालकांना कच्चं चित्र दाखवलं. मालक चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत होते. म्हणाले, कलाकार, ही सगळी माणसं पाठ फिरवून का उभी आहेत, रुसलीत का? मी समजावलं की बाजारात माणसं दुकानाकडे तोंड करून असतात, आपल्याकडे नाही. म्हणाले, आणि हात? ज्याच्या त्याच्या पिशवीमागे, गल्ल्यामागे, दुसऱ्याच्या पाठीमागे. म्हटलं, गर्दी आहे. म्हणाले, हे दुकानातलं स्प्रिंग मात्र झकास, हे तर आपलंच, तीन नंबरच्या काट्यातलं.

तेवढंच त्यांना कळलं. यंत्राचा माणूस. कलेचं वेगळं असतं.

२४ जानेवारी
काही नाही.

२७ जानेवारी
मालक म्हणाले की फेब्रुवारीपासून दोनच दिवस या. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचे नसतात, फेकायचे असतात. त्यांनी हे खूप हळू सांगितलं, आजारी माणसाला सांगतात तसं. मी तेव्हा पितळी वजनं ओळीनं पेटीत लावत होतो. ती लावून झाली. पेटी बंद केली.

फायदा: चित्राला आणखी एक दिवस मिळाला.

१ फेब्रुवारी
हिचा फोन. नातू आता आधाराशिवाय बसतो म्हणाली. चित्रात एक तान्हं मूल हवंच होतं, म्हणून विचारलं, डोकं एकूण उंचीच्या कितवा भाग असेल? हिनं फोन लेकीकडे दिला. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही येऊन मोजा ना. म्हटलं, शाईचं काम चालू आहे, शाई थांबत नाही.

मूल अंदाजानं काढलं. मिशी काढलेल्या छोट्या माणसासारखं दिसतं. टोपरं घातलं.

६ फेब्रुवारी, रविवार
सराव म्हणून पान सात काढलं. गोष्टीत मापारी घरी येतो तेव्हाचं स्वयंपाकघर. मॉडेल शोधायला बाहेर जायला नको, आपलंच समोर आहे. ओटा, सिंक, खुंटीवरचा हिचा एप्रन, उपडा ठेवलेला कप. मशीन जिथं होतं तिथं फरशीवर चार फिके डाग आहेत, पायांचे. ते मोजून, जिथल्या तिथं घेतले. दोऱ्याचं एक रीळ कपाटाखाली गेलेलं दिसलं, तेही घेतलं. काढलं नाही, म्हणजे कपाटाखालून. चित्रात काढलं.

मापारीला आत कुठं उभा करायचा ते सुचेना. तसंच ठेवलं. किरकोळ पान आहे. खरी परीक्षा बाजाराची.

१४ फेब्रुवारी
बाजारातली सगळी माणसं शाईत. पाठी छप्पन्न, तोंडं चार. प्रत्येक विटेला सावली, प्रत्येक शटरला पट्ट्या. असं काम इथं कुणी केलेलं नाही. केलं असेल तर मला दिसलेलं नाही.

मापारीचे हात उद्या.

१५ फेब्रुवारी
उद्या.

१७ फेब्रुवारी
मापारीचे हात. आरशातला डावा हात बघून उजवा, आणि समोरचा डावा बघून डावा, असा घोळ होता होता जमलं. खोडरबर संपलं, पण जमलं. पाच बोटं, पाच बोटं. अंगठे आतल्या बाजूला. सहा वर्षांनी हात खिशाबाहेर. खुर्चीत बसून बराच वेळ बघत होतो. आनंद झाला असणार.

हिला फोन लावला. लागला नाही. लेकीनं नंतर सांगितलं की आई कामावर होती. कसलं काम? कपड्यांच्या दुकानात, अल्टरेशनचं, महिनाभर झाला. विरंगुळा म्हणून चांगलं आहे.

२० फेब्रुवारी
एक बारीकशी अडचण. चित्र पूर्ण झालं, आणि माणसं बोलणार ते फुगे ठेवायला जागा नाही.

सगळे आधी फुग्यांची जागा सोडतात म्हणे. मला सांगणारं कोण होतं? आता फुगा कुठंही ठेवला की काहीतरी झाकलं जातं. विटा झाकल्या जातील. गटाराची जाळी झाकली जाईल, तिला पाच दिवस गेलेत. आणि न बोलता बाजार भरला तर गोष्ट कळणार कशी?

२३ फेब्रुवारी
सुचलं! मशीनच्या मॅन्युअलमध्ये कसं असतं? प्रत्येक भागाला नंबर, आणि मागे तक्ता. तसंच. माणसांना एक ते साठ नंबर दिले. शेवटच्या पानावर तक्ता: (१७) दुकानदार: मी खोटं वजन वापरत नाही हो. (१८) त्याची बायको: वापरतात. (४१) तान्हं मूल: बोलत नाही.

जगात हा प्रयोग बहुधा पहिलाच. झेरॉक्सवाल्याला दाखवला. म्हणाला, काका, वाचणाऱ्यानं दर वेळी मागं जायचं, नंबर शोधायचा, परत पुढं यायचं? म्हटलं, हो. म्हणाला, बरं. आणि मापारीला नंबर नाही? म्हटलं, त्याला हात आहेत, त्याला बोलायची गरज नाही.

२ मार्च
हिचा फोन. विचारलं, कुणी काही दिलं का? म्हटलं, अजून अंक छापायचा आहे, आधी कोण देईल? म्हणाली, घरमालकाला नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते, मी आज फोन करून दिलीय, तुमचं काही ठरलं तर मागे घेऊ. मी म्हटलं, मागे घेण्याची तयारी ठेव. म्हणाली, मशीनसुद्धा बांधून ठेवू का? हे तिनं चिडवायला म्हटलं की खरंच विचारलं, ते ओळखू आलं नाही. तेवढ्यात तिकडं मूल रडलं.

१० मार्च
अंक पूर्ण. वीस प्रती पुरेत असं झेरॉक्सवाला म्हणाला. म्हटलं, शंभर. तो म्हणाला, काका, अकराव्या अंकाच्या पन्नास केल्या होत्या, त्यातल्या चाळीस माझ्याच दुकानात कपाटाखाली पाय समतल करायला आहेत. म्हटलं, तो अकरावा होता. साठवर तडजोड.

बाइंडिंग जाड हवं, पुस्तकासारखं, असं ठणकावलं. पिना नकोत. तो म्हणाला, चिकटवून, वरून शिलाई मारली तर मधोमध थोडं आत जाईल. म्हटलं, जाऊ दे. मजबुतीत तडजोड नाही.

२१ मार्च
अंक आले.

मापारी नाही.

आधी वाटलं, पानं चुकली. मग दोन्ही हातांनी पुस्तक ताणून उघडलं तेव्हा खोल आत, शिलाईच्या दरीत, टोपीचं एक टोक दिसलं आणि डाव्या हाताची करंगळी. चित्राचा मध्य मी पट्टीनं मोजून काढला होता. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नाही. मापारी बरोब्बर मध्यावर उभा आहे. पुस्तकाची घडीही बरोब्बर मध्यावर असते.

झेरॉक्सवाला म्हणाला, काका, मी म्हणालो होतो, थोडं आत जाईल. म्हटलं, थोडं? म्हणाला, तुम्ही म्हणालात, जाऊ दे.

साठ प्रती. साठ माणसं. सगळी पाठ फिरवून, आणि मध्ये कुणी नाही.

२२ मार्च
शांतपणे विचार केला. हा दोष नाही. गुप्त तपासनीस आहे, दिसला तर गुप्त कसला? तक्त्याच्या खाली पेनानं एक ओळ वाढवली: मापारी मध्यभागी आहे. शोधा. साठही प्रतींवर तीच ओळ लिहिली. हात दुखला.

२६ मार्च, शनिवार
मेळावा, पहिला दिवस. हॉलमध्ये मांडलेली टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, कोपऱ्यात पंखा. माझं टेबल पाण्याच्या पिंपाजवळ. जागा मोक्याची, तहान सगळ्यांना लागते.

बारा लोकांनी अंक हातात घेतला. त्यातल्या तिघांनी पाणी पिताना ग्लास ठेवायला टेकू म्हणून. एका गृहस्थांनी तक्ता वाचला, पुढं गेले, मागं आले, पुढं गेले, मग म्हणाले की (२२) नंबरचा माणूस सापडत नाहीये. मी दाखवला. म्हणाले, आणि हा काय म्हणतो? मागे बघा म्हटलं. ते मागे बघत बघत दुसऱ्या टेबलाकडे गेले.

एका बाईंनी मापारी शोधायचा म्हणून अंक ताकदीनं उघडला. शिलाई उसवली. मापारी दिसला! दोन्ही हातांसकट. बाई घाबरून सॉरी म्हणाल्या आणि हे मी केलं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, बघा ना, हात बघा. त्या बघत नव्हत्या.

विक्री: शून्य. पण पहिला दिवस.

शेजारच्या टेबलापुढे रांग आहे. कुरळ्या केसांची एक मुलगी, म्हणजे तिशीची असेल, लेकीच्या वयाची. तिची चित्रं पाहिली. तीन रेघांत माणूस. एक बाई रडतेय, तर रडतानाच दिसते. ही फसवणूक आहे, कारण नाकच काढलेलं नाही. आणि पार्श्वभूमी? कोरी. मागे भिंतसुद्धा नाही. लोक आंधळे असतात.

२७ मार्च, रविवार, रात्रीचं जेवण झाल्यावर
दुसरा दिवस. विक्री: शून्य. (एक अंक एका लहान मुलानं मागितला. आई म्हणाली, ठेव तिथं.)

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती कुरळ्या केसांची आपणहून माझ्या टेबलाशी आली. काका, बघू का म्हणाली. बाजार बघितला. विटांवरून बोट फिरवत, हे सगळं हातानं केलंत? म्हटलं, संगणक वगैरे आपण वापरत नाही. ती म्हणाली, वेडे आहात. हे कौतुक होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. मग मागची पानं चाळत पान सातवर थांबली. स्वयंपाकघर. फार वेळ थांबली. तिच्या टेबलाकडून कुणी तिला हाक मारली तरी हलेना. म्हणाली, इथून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटतं. कसं जमवलंत?

मी तीन लोपबिंदूंचं गणित सांगितलं. एक सिंकच्या वर, खिळ्याला.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिथल्या तिथं टेबलावर वाकून तिनं मला विचारलं. नवं पुस्तक येतंय तिचं, मोठ्या प्रकाशकाकडून. एका घराची गोष्ट आहे. माणसं मी झोपेतसुद्धा काढते, म्हणाली, पण माझ्या खोल्या म्हणजे बुटांचे खोके. खोल्या तुम्ही काढा. फक्त खोल्या. भिंती, ओटे, खिडक्या. माणसं तुम्ही काढू नका, हात जोडते. आणि तिनं खरंच जोडले. चांगले हात होते, पण तेव्हा कोण बघतं?

विचार करायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, ताई, मी माणसांचा चित्रकार आहे.

ती बाजाराच्या चित्राकडे बघत राहिली. छप्पन्न पाठींकडे. माझ्याबद्दल आदर वाढला असावा. मग आकडा सांगितला, मग पुन्हा थोडा वाढवून सांगितला, आणि म्हणाली, काका, घाई नाही, रात्रभर विचार करा. म्हटलं, रात्र कशाला वाया घालवायची? तिनं फोन नंबर लिहून अंकावर ठेवला. झेरॉक्सवाल्याच्या बाइंडिंगमधल्या चुकीबद्दल तिला सविस्तर सांगायचं होतं, पण तिच्यापुढं पुन्हा रांग लागली.

२८ मार्च
वर्कशॉपमध्ये मालकांना सांगितलं, महिनाअखेर जातोय. मालक म्हणाले, बरं झालं कलाकार, नातवात रमा. तीन नंबरचा काटा मला भेट म्हणून देत होते. जड आहे, नको म्हटलं.

संध्याकाळी हिचा फोन. म्हणाली, काय झालं मेळाव्यात? म्हटलं, प्रतिसाद उत्तम, बारा लोकांनी अंक हातात घेतला. म्हणाली, अहो, ते नव्हे. कुणी पैशाचं काही विचारलं का? म्हटलं, माझ्या खऱ्या कामाबद्दल नाही. म्हणाली, खऱ्या म्हणजे? खोट्याबद्दल विचारलं का कुणी? म्हटलं, नाही. म्हणाली, एक सांगू? मी मशीन बांधूनच ठेवलं होतं. उगाच, वाटलं म्हणून. आता सोडते. तुम्ही मोजकंच सामान आणा, इथं जागा कमी आहे. आणि जेवलात का?

म्हटलं, जेवलो. जेवायचं होतं अजून.

तेराव्या अंकाचा आराखडा डोक्यात तयार आहे. मापारीला मध्यापासून डावीकडे घ्यायचा.

हिला सांगितलेलं नाही, सांगून समजण्यासारखंही नाही, पण नोंद अचूक असावी म्हणून: रिकाम्या खोल्या, साठ पानं, पानाला नऊशे, निम्मे आगाऊ. एकूण चोपन्न हजार. नाही म्हटलं.